आईचे किती, बापाचे किती?

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यातल्या बाळाची वाटणी करून टाकतात. नाक आजोबांचे, कपाळ आत्याचे, रंग आजोळचा आणि हट्टीपणा थेट बापाचा! या वाटणीत दोन्ही घरांना काही ना काही मिळते, त्यामुळे कोणाची तक्रार नसते. पण तेच बाळ पुढे सारखे आजारी पडू लागले, रक्त चढवावे लागले आणि ‘हा आनुवंशिक आजार आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की बैठकीचा नूर पालटतो. ‘आमच्याकडे असे कधी कोणाला नव्हते,’ हे वाक्य मग हमखास कानी येते. ते बहुधा सासरचे कोणीतरी उच्चारते आणि ऐकून घेणारी असते बाळाची आई. मुलगीच झाली तरी तीच, मुलगा आजारी निघाला तरी तीच.

पेशीच्या आतला हिशेब या बैठकीच्या हिशेबाशी जुळत नाही. आणि तो हिशेब फारसा अवघडही नाही.

माणसाच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. आज शाळकरी मुलांना पाठ असलेला हा आकडा शास्त्रज्ञांना बराच उशिरा सापडला. विसाव्या शतकाची पहिली कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत ४८ हाच आकडा होता. १९५६ साली जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमधल्या लुंड येथे पेशी नीट पसरवून, पुन्हा पुन्हा मोजून तो ४६वर आणला. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईच्या बीजांडातून आलेले असते, दुसरे वडिलांच्या शुक्राणूतून. यातील २२ जोड्या स्त्री आणि पुरुष दोघांत सारख्याच असतात. त्यांना अलिंगी गुणसूत्रे किंवा ऑटोसोम म्हणतात. उरलेली तेविसावी जोडी लिंग गुणसूत्रांची. स्त्रीच्या पेशीत तिथे दोन एक्स असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय.

म्हणजे २२ जोड्यांपुरते पाहिले तर आई आणि बाप यांचे देणे तंतोतंत सारखे. प्रत्येकाने प्रत्येक जोडीतले एक द्यायचे, जास्त नाही, कमी नाही. रक्तगट, हिमोग्लोबिनची घडण, पचनाला लागणारी कितीतरी विकरे यांची जनुके या जोड्यांवर आहेत. आई-बापाच्या देण्यात फरक पडतो तो फक्त तेविसाव्या जोडीत. तिथेही मूल मुलगा आहे की मुलगी, यावर कोणी काय दिले ते ठरते.

मुलगा-मुलगीचा प्रश्न सर्वांत सोपा असल्यामुळे तो आधी संपवलेला बरा. आईजवळ द्यायला एक्सच असतो. बापाचे निम्मे शुक्राणू एक्स घेऊन निघतात, निम्मे वाय. बीजांडाशी एक्सवाला शुक्राणू जुळला तर मुलगी, वायवाला जुळला तर मुलगा. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने पिठात होणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना हे पाहिले. मादीत २० मोठी गुणसूत्रे होती, तर नरात १९ मोठी आणि एक अगदी छोटे. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे कीटकांमध्ये असाच शोध लावला. त्या छोट्या वाय गुणसूत्रावरचे ‘एसआरवाय’ हे जनुक गर्भाला पुरुषाच्या वाटेने नेते, हे १९९० साली स्पष्ट झाले. म्हणजे आई मुलगा ‘देऊ शकत नाही’, कारण वाय तिच्याकडे नसतोच. अर्थात म्हणून बापाला दोष द्यावा असेही नाही. कोणता शुक्राणू पुढे जाईल, हे त्याच्या हातात नसते.

हे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. तरीही गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राला १९८८ साली, देशात सर्वांत आधी, करावा लागला आणि पुढे १९९४ साली तो केंद्राने देशभर आणला. कायदा असूनही राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती, ती २०११च्या जनगणनेत ८९४ झाली. ज्ञान नसल्यामुळे हे घडले असे म्हणणे फार उदारपणाचे ठरेल.

खरा गुंता पुढे आहे, अलिंगी गुणसूत्रांवरून चालत येणाऱ्या आजारांत. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल.

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत आणि उत्तरेला नंदुरबारच्या सातपुड्यात हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. सिकल म्हणजे विळा. तांबड्या रक्तपेशी एरवी गोल, मधे दबलेल्या आणि लवचिक असतात. बारीक केशवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात, एकमेकींत अडकतात. जिथे अडकतात तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि हाडे फुटावीत अशी कळ उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसांतच मोडते. त्यामुळे रक्त सतत कमी, डोळे पिवळे, प्लीहा वाढलेली आणि जंतुसंसर्ग पाचवीला पुजलेला. बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते, कारण गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन तोवर त्याच्या रक्तात टिकून असते. मग सहा महिन्यांच्या आसपास हातापायांवर सूज येते. ‘जन्मताना चांगले होते, नंतर आईने काय खायला घातले कोण जाणे’ हा आरोप याच काळात होतो.

एवढ्या सगळ्यामागे बदल आहे तो एका अक्षराचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. हा आजार रेणूच्या घडणीतला आहे, हे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. नेमकी चूक कुठे आहे, ते पुढे काही वर्षांनी केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी शोधले. या साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. अकरावी जोडी अलिंगी असल्यामुळे प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची.

दोन्ही प्रती चांगल्या असतील तर तपासणीच्या कागदावर ‘एए’ लिहिलेले असते. एक चांगली आणि एक सिकलची असेल तर ‘एएस’. ही व्यक्ती वाहक. तिची चांगली प्रत पुरेसे चांगले हिमोग्लोबिन बनवते, त्यामुळे ती शेतात राबते, फुटबॉल खेळते, बाळंत होते, म्हातारी होते आणि बहुतेकदा तिला काही कळतही नाही. दोन्ही प्रती सिकलच्या असतील तरच ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. अशा आजाराला अप्रभावी आजार म्हणतात. एकट्या प्रतीचा प्रभाव पडत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आजार किती त्रासदायक आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता ‘आमच्याकडे असे कोणाला नव्हते’ या वाक्याकडे पुन्हा पाहता येईल. एसएस मुलाला एक सिकल प्रत आईकडून आणि दुसरी बापाकडून मिळाल्याशिवाय हा आजार होऊच शकत नाही. एका बाजूने अर्धा दोष आणि दुसरी बाजू निर्दोष, अशी सोयच या गणितात नाही. तरीही ते वाक्य उच्चारणारी सासू खोटे बोलत असेल असे नाही. वाहक निरोगी असतो. सिकलची प्रत पणजोबाकडून आजोबाकडे, आजोबाकडून बापाकडे, कोणालाही एक दिवसही अंथरुणाला न खिळवता येऊ शकते. तिला दुसरी सिकल प्रत भेटते तेव्हाच ती दिसते. घराण्यात आजार नसणे आणि घराण्यात जनुक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, भंडाऱ्यातले एक जोडपे दोघेही वाहक आहे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी आई आपल्या दोन प्रतींपैकी एक देते, बापही एक देतो, आणि दोघांचेही ते नाणे उडवण्यासारखेच असते. चार शक्यता होतात. चारांत एक एए, चारांत दोन एएस, चारांत एक एसएस. समुपदेशक हे समजावून सांगतात आणि समोरचे जोडपे मान डोलावते. पण पुष्कळदा ते वेगळेच समजून घरी जाते. चारांत एक म्हणजे चार मुलांपैकी एक, आणि आपले पहिले मूल आजारी निघाले म्हणजे आता पुढची तीन ठीक, असे त्यांना वाटते. नाण्याला मागचा डाव आठवत नाही. दुसऱ्या खेपेलाही धोका २५ टक्केच, तिसऱ्या खेपेलाही २५ टक्केच. दोन्ही मुले आजारी असण्याची शक्यता सोळांत एक आहे आणि अशी घरे सिकलसेलच्या पट्ट्यात आहेत. उलट बाजूने, दोन्ही वाहक असूनही तिन्ही मुलांपैकी एकालाही आजार नाही, असे शंभरांतल्या ४२ घरांत घडू शकते. ती घरे मग ‘आम्ही तपासणी केली नाही, तरी काही झाले नाही’ असे शेजाऱ्यांना सांगतात.

वाहक आणि पूर्ण निरोगी व्यक्तीचे लग्न झाले तर कोणतेच मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. सरासरी निम्मी मुले वाहक होतात, एवढेच. फार काय, स्वतः रुग्ण असलेल्या व्यक्तीने एए व्यक्तीशी लग्न केले तरी सगळी मुले वाहक होतील, रुग्ण एकही नाही. हे इतके स्पष्ट असूनही वाहक असल्याचे समजताच मुलीचे स्थळ मोडते, म्हणून कागद लपवला जातो. मुलाचा कागद मागायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. मुलीच्या कागदावर ‘एएस’ पाहून नकार देणारा मुलगा स्वतः एए असेल तर नकाराला काही अर्थ नाही, आणि तो स्वतःच एएस असेल तर पुढच्या ‘निर्दोष’ मुलीचाही कागद त्याला पाहावा लागणारच. शिवाय निव्वळ ‘सिकल नाही’ एवढ्याने भागत नाही. याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडांमुळे बीटा थॅलेसेमिया होतो. सिंधी, पंजाबी, कच्छी लोहाणा अशा समाजांत त्याचे वाहक तुलनेने अधिक आहेत, आणि इतरत्रही ते आहेतच. एक सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर त्यांच्या मुलालाही चारांत एक या प्रमाणात सिकलसेलसारखाच आजार होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल आहे की नाही, एवढेच सांगते. तो माणूस वाहक की रुग्ण, आणि थॅलेसेमियाचे काय, हे कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते.

इतके त्रासदायक जनुक पिढ्यान् पिढ्या टिकले तरी कसे? ज्या प्रदेशांत हिवतापाने मुले मरत होती, तिथे एकच सिकल प्रत असलेली मुले गंभीर हिवतापातून अधिक वाचली. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे मांडले. जंगलपट्ट्यातील आदिवासी समाजांत हे जनुक अधिक दिसते ते यामुळे. त्याला शाप म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की आज जिवंत असलेल्या अनेकांचे पूर्वज त्याच्यामुळेच वाचले.

अप्रभावी आजारांची गोष्ट निघाली की लग्नाच्या रीतीपर्यंत यावेच लागते. महाराष्ट्रात गोत्र पाहिले जाते, सगोत्र विवाह टाळला जातो, आणि ‘आपल्या पूर्वजांना जनुकशास्त्र ठाऊक होते’ असे त्यावरून अभिमानाने सांगितले जाते. गोत्र बापाकडून मुलाकडे जाते. गुणसूत्रांच्या भाषेत बोलायचे तर त्याची वाट वाय गुणसूत्राची आहे. पण सिकलसेल, थॅलेसेमिया, जन्मजात बहिरेपणाचे अनेक प्रकार, चयापचयाचे कितीतरी आजार वायवर नाहीत. ते अलिंगी गुणसूत्रांवर आहेत आणि ती गुणसूत्रे गोत्र पाळत नाहीत. चुलतभावाशी लग्न निषिद्ध, आणि मामाची मुलगी मात्र अनेक समाजांत हक्काची! जनुकांच्या दृष्टीने दोन्ही नाती सारखीच जवळची आहेत. चुलत असोत की आते-मामे, अशा भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. आजीजवळ एखाद्या दुर्मीळ आजाराची एकच प्रत असली, तरी तिच्या मुलाची मुलगी आणि मुलीचा मुलगा यांचे लग्न झाल्यावर त्यांच्या प्रत्येक मुलाला तो आजार होण्याची शक्यता चौसष्टांत एक होते. नात्याबाहेर लग्न झाले असते तर ती हजारांत नाही तर लाखांत मोजावी लागली असती. सर्वसाधारण जोडप्यांच्या मुलांत जन्मजात दोषांचे प्रमाण दोन ते तीन टक्के असते, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहात ते साधारण दुप्पट होते. म्हणजे अशा विवाहांतून झालेली बहुसंख्य मुले निरोगीच असतात. ज्यांची लग्ने होऊन गेली त्यांनी धास्ती घेऊ नये, ज्यांची ठरायची आहेत त्यांनी तपासणी जरूर करावी.

या उलट रक्तगटाबद्दल मात्र भलतीच धास्ती घेतली जाते. नवरा-बायकोचा रक्तगट एक असेल तर मुले सदोष होतात, एकनाड म्हणजे तेच, असा समज सुशिक्षित घरांतही पक्का बसला आहे. त्याला कसलाही आधार नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते, पण त्यावर वेळेवर द्यायचे इंजेक्शन आहे.

अलिंगी गुणसूत्रांवरच्या एकाच प्रतीने होणारे, म्हणजे प्रभावी आजारही आहेत. रक्तातले कोलेस्टेरॉल लहानपणापासून भरमसाट ठेवणारा एक कौटुंबिक विकार त्यातलाच. आई किंवा बाप, कोणा एकाला तो असला तरी प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तिशी-चाळिशीत हृदयविकाराचा झटका येणारे दोन-तीन जण ज्या घरात आहेत, तिथे मुलांचेही कोलेस्टेरॉल तपासायला हवे. दम्यापासून मधुमेहापर्यंत, उंचीपासून स्वभावापर्यंत अनेक गोष्टींना मात्र यातला कोणताच साधा नियम लागू पडत नाही. तिथे शेकडो जनुके आणि राहणीमान यांची मिसळ असते.

आता तेविसाव्या जोडीकडे पुन्हा यायचे, कारण आईवर खरोखरच बोट दाखवता येईल असे वाटणारे आजार तिथे आहेत. एक्स गुणसूत्रावर आठशेहून अधिक जनुके आहेत, वायवर त्या मानाने अगदी थोडी. स्त्रीजवळ दोन एक्स असल्यामुळे एकावरचे जनुक बिघडले तर दुसऱ्यावरचे काम निभावते. पुरुषाजवळ एक्स एकच. तो बिघडलेला असला तर पर्याय नाही. म्हणून लाल-हिरवा रंगांधळेपणा, ड्युशेन प्रकारचा स्नायूंचा आजार आणि हिमोफिलिया मुख्यतः मुलग्यांत दिसतात. न्यूयॉर्कमध्ये थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला, त्यातून एक्सवरच्या जनुकांची ही चाल पहिल्यांदा उलगडली.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. बाळ रांगू लागले की गुडघे सुजतात, दात पडल्यावर रक्त थांबत नाही, सांध्यात पुन्हा पुन्हा रक्तस्राव होऊन तरुणपणीच पाय आखडतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, तेव्हा आजार आईकडून आला, हे इथे खरे आहे. पण त्यापुढे दोन गोष्टी सांगितल्या जात नाहीत. पहिली म्हणजे, हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कधीच नसतो. जनुकातला बदल नव्याने झालेला असतो, त्याच मुलात किंवा त्याच्या आईत. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. तीव्र ‘हिमोफिलिया-ए’च्या सुमारे ४० ते ५० टक्के रुग्णांत एक विशिष्ट प्रकारची उलटापालट आढळते. जनुकाचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. ही चूक जवळजवळ नेहमी पुरुषाच्या शुक्राणू निर्मितीत घडते. म्हणजे नातवाच्या गुडघ्यातला रक्तस्राव आईकडून आला खरा, पण त्याचा उगम अनेकदा त्या आईच्या वडिलांच्या एका शुक्राणूत असतो. त्यांना आयुष्यात कधी साधे खरचटल्यावरही जास्त रक्त आलेले नसते.

ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचे घराणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पडल्याचे निमित्त होऊन तिसाव्या वर्षी गेला, दोन मुली वाहक निघाल्या, आणि त्यांच्यामार्फत आजार रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचला. राणीच्या आधी घराण्यात हिमोफिलिया नव्हता. तिच्या जन्माच्या वेळी वडील ५१ वर्षांचे होते आणि बदल त्यांच्याच शुक्राणूत झाला असावा, असा अनेक संशोधकांचा कयास आहे. रशियाच्या राजपुत्राच्या अवशेषांतील डीएनए तपासून हा आजार ‘हिमोफिलिया-बी’ होता, हे २००९ साली निश्चित झाले.

हिमोफिलिया असलेल्या पुरुषाला मुलगा झाला की घरचे काळजीत पडतात. ती काळजी चुकीच्या मुलाबद्दल असते. बाप मुलाला वाय देतो, त्यामुळे त्याच्याकडून मुलाला हा आजार मिळत नाही. त्याच्या मुली मात्र सगळ्याच वाहक असतात आणि मुलीच्या मुलग्याला निम्मी शक्यता असते. धोका नातवाला आहे, पण तो दौहित्राला. वाहक मुलीही सगळ्याच ठणठणीत असतात असे नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच निद्रिस्त होतो, हा विचार मेरी लायन यांनी १९६१ साली मांडला. कोणत्या पेशीत कोणता एक्स झोपेल, हे दैवाधीन. बहुतेक पेशींत नेमका चांगला एक्सच झोपला, तर वाहक स्त्रीच्या रक्तातही गोठवणारा घटक कमी पडतो. पाळीत अतिरक्तस्राव, बाळंतपणानंतर न थांबणारे रक्त, दात काढल्यावर दोन दोन दिवस ठिबकणारी हिरडी. ‘बायकांना असे होतेच’ म्हणून हे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. भावाला हिमोफिलिया असलेल्या बहिणीने शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बाळंतपणापूर्वी घटकाची पातळी तपासून घेणे तिच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

आजार नसतानाही गुणसूत्रांच्या अर्धवट माहितीने संसार कसे मोडू शकतात, याचे उदाहरण मुंबईच्याच नावाने ओळखले जाते. बाप ‘एबी’ गटाचा असेल तर मुलाचा गट ‘ओ’ असू शकत नाही, हे आता अनेकांना माहीत असते. एबी बाप मुलाला ए किंवा बी देणारच. मग कागदावर ओ आला की संशयाची सुई आईकडे वळते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही नमुने सापडले की जे चाचणीत ओसारखे दिसत, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ए आणि बी ही चिन्हे तांबड्या पेशीवर उमटण्यासाठी आधी ‘एच’ नावाचा पाया लागतो. ए-बीचे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, एचचे एकोणिसाव्या. एचच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर बापाने दिलेला ए असूनही दिसत नाही. हाच ‘बॉम्बे रक्तगट’. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असल्याचे मानले जाते. म्हणून केवळ रक्तगटावरून पितृत्वाचा निवाडा करू नये, त्यासाठी डीएनए चाचणी आहे. आणि ओ गटाच्या रक्ताची जुळणी वारंवार नाकारली जात असेल तर एच तपासायला सांगावे. अशा रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीला सर्वांत योग्य वेळ लग्नाआधीची, ते राहून गेले असेल तर गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीची. दोघेही वाहक असतील तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन गर्भ एसएस आहे का, हे पाहता येते. हिमोग्लोबिनचे आणि एक्सशी जोडलेले आजार शोधण्यासाठी गर्भाची अशी तपासणी करण्यास गर्भलिंग निदानबंदीचा कायदा परवानगी देतो. मात्र नोंदणीकृत केंद्रातच, आणि लिंग न सांगता. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था या कामासाठी ओळखली जाते आणि चंद्रपूरलाही तिचे केंद्र आहे. मूल रुग्ण असेल तरी हात टेकायचे कारण नाही. लसीकरण, लहानपणी पेनिसिलिन, भरपूर पाणी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया यांनी कळांचे झटके आणि रक्त चढवण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात.

मुळावरचे उपचारही आले आहेत. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाली तर प्रत्यारोपणाने सिकलसेल बरा होऊ शकतो. रुग्णाच्याच मूळपेशींच्या जनुकांत बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर आधारित उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३च्या अखेरीस मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. मात्र हे दोन्ही उपचार फक्त रक्त बनवणाऱ्या पेशी बदलतात. एए भावाची मज्जा घेऊन बरी झालेल्या तरुणीचा रक्ताचा कागद पुढे एए असाच येतो, तिचा रक्तगटही कधी कधी भावाचा होतो. तिची बीजांडे मात्र जन्माला येतानाच तयार झालेली आणि एसएसच असतात. म्हणून लग्न ठरवताना तिचा नवा कागद पुरेसा नसतो. मुलाची एचपीएलसी करावीच लागते.